कोरडी मोरी

१

प्याला आतून लखलखत होता. भानगड तिथूनच सुरू झाली.

रविवार. उपासना संपून वीस मिनिटं झाली होती. मोठ्या दालनात माणसं बाकं भिंतीला लावत होती. आतल्या छोट्या खोलीत उपदेशक जमिनीवर मरून पडले होते, गुडघे पोटाशी ओढलेले, ओठांच्या कडा पांढऱ्या. मेजावर पितळी प्याला उभा. त्याच प्याल्यातून त्या सकाळी एकेचाळीस माणसं द्राक्षरस प्यायली होती. त्यांतली चाळीस आता एकमेकांना विचारत होती, तुला काही होतंय का. कोणाला काही होत नव्हतं. सुताराच्या पोटात कळ येत होती, पण ती दर रविवारी यायची, उपदेश लांबला की.

तीन वर्षांपूर्वी हा प्रश्नच आला नसता. तेव्हा प्याला एकाच माणसाच्या ओठांना लागायचा. धर्मगुरू वेदीपाशी, लोकांकडे पाठ करून, एकटा प्यायचा. लोकांच्या वाट्याला नुसती भाकर. मग आता जमिनीवर पडलेल्या याच माणसाने, जो तेव्हा स्वतः धर्मगुरू होता, एका सकाळी लोकांकडे तोंड फिरवलं आणि म्हणाला, प्याला सगळ्यांचा आहे.

त्यानंतर वेदी गेली, लांब मेज आलं. मूर्ती गेल्या, भिंतींना चुना लागला. मठातून एक बाई बाहेर आली आणि त्याची बायको झाली. आणि दर रविवारी तो सांगू लागला: भाकर ती भाकर, द्राक्षरस तो द्राक्षरस. आठवण म्हणून खा, आठवण म्हणून प्या. उरलं तर मोरीत ओता, त्यात देव अडकून बसलेला नाही.

नगरसभेच्या चिटणीसाने प्याला उजेडात धरला. चिटणीस या उपासक मंडळीचाही वडील, म्हणजे कारभारी, होता, त्यामुळे धरायचा हक्क त्याचा दोनदा होता.

"उपासनेनंतर तळाला लाल गाळ असतो," तो म्हणाला. "आज थेंब नाही. कोणीतरी उपदेशकांना एकटं गाठून विष पाजलं आणि प्याला धुऊन ठेवला. आता सांगा, आपल्याकडे प्याला कोण धुतं?"

सगळ्यांनी एकीकडे पाहिलं, तेवढं पुरलं.

दुपार व्हायच्या आत धुणारी नगरसभेच्या तळघरातल्या कोठडीत होती. बुधवारी सभा बसणार. विष घालणाऱ्याला या गावात एकच शिक्षा होती, आणि तिला दोर लागतो.

२

धुणारीची नणंद गावची सुईण होती. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, कारण निम्म्या गावाला तिनेच बाहेर ओढलं होतं. गावाने तिच्याकडे दुसरंही काम दिलं होतं: गेलेल्यांना धुऊन, सरळ करून, शेवटचे कपडे घालणं. एकाच हाताने दोन्ही दारं.

बसणं तिला जमत नसे. पायाला भिंगरी. बाळंतिणीच्या उशाशीही ती उभीच.

रविवारी दुपारी तिने उपदेशकांना धुवायला घेतलं. तोंड आतून भाजल्यासारखं. जीभ पांढरी. हे तिने मनात ठेवलं. मग हात.

उपदेशक रोज पत्रकं लिहीत. उजव्या हाताची तीन बोटं कायमची काळी. अंगठा, पहिलं बोट, मधलं. शाई नखांत बसलेली, घासून न जाणारी. बारशाला पोर हातात घेतलं तरी लोक म्हणायचे, उपदेशक, झबलं सांभाळा.

आज मधलं बोट काळं होतं.

अंगठा आणि पहिलं बोट, पेरापर्यंत, कोवळ्या पोराच्या बोटांसारखी पांढरी.

आत्याने दुसऱ्या हाताशी ताडून पाहिलं. ओल्या फडक्याने मधलं बोट चोळलं. शाई हलली नाही. एका माणसाच्या तीन बोटांपैकी दोनच धुवायला विष घालणारा कशाला बसेल?

३

"आत्या, तुम्ही मयताचं बघा," चिटणीस म्हणाला. "बाकीचं आम्ही बघतो."

"बाकीची माझी भावजय आहे."

"म्हणूनच म्हणतो." त्याने दार ओढून घेतलं. बोटांना लागलेली शाई फडक्याला पुसत राहिला. पुसली जात नव्हती. "मला तिच्याशी वैर नाही. ती साधी बाई आहे. साध्या बाईला कोणीतरी पुडी आणून देतं. कोण, तेवढं तिने सांगावं. जुने फादर, वेदी गेली तेव्हा बाहेर पडलेले, रविवारी रस्त्यावर घुटमळत होते, तिघांनी पाहिलंय. तिने त्यांचं नाव घेतलं तर तिला गाव सोडावं लागेल, एवढंच."

"आणि फादरना?"

चिटणीस खिडकीबाहेर बघत राहिला.

"म्हणजे सुंठीवाचून खोकला जाईल तुमचा."

"आत्या, आपला माणूस मेलाय. त्याचं काहीतरी व्हायला हवं ना."

४

कोठडीला एक झरोका होता, पायांच्या उंचीवर. धुणारी त्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे मोजे बघत होती.

"कोणी धड धूत नाही," ती म्हणाली.

"अगं, तुला फासावर द्यायला निघालेत."

"ऐकलं मी. चिटणीस येऊन गेले. म्हणाले, म्हाताऱ्याचं नाव घे. मी म्हटलं, म्हाताऱ्याने मला आयुष्यात एकच गोष्ट दिली, बाप्तिस्मा, आणि तो काही मी त्यांना परत केलेला नाही. वन्सं, मी काही केलेलं नाही. मग खोटं कशाला बोलू? खोटं बोलले तर काहीतरी केल्यासारखं होईल."

आत्या तीन पावलं गेली, भिंत आली, परत फिरली. "प्याला किती वाजता धुतलास?"

"धुतलाच नाही."

"असं म्हणू नकोस."

"नाही धुतला तर नाही धुतला. मेजावरचं कापड टबात घेऊन मी आत गेले, तर उपदेशक खाली पडलेले. प्याला आधीच स्वच्छ. एवढा स्वच्छ मलाही कधी जमला नाही."

आत्याने डोळे मिटले. स्वतःला वाचवायचं एकच वाक्य भावजयीकडे होतं, आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं.

५

म्हणून आत्या थेट उपासनेच्या जागी गेली. सोमवार सकाळ. छोटी खोली. एक दार, दालनात उघडणारं. एक खिडकी, तिने जोर लावला. चौकट फुगून बसलेली, वर्षभर उघडलेली नाही.

प्याला कोणीतरी धुतला. बरं. धुतलं म्हणजे पाणी आलं. पाणी आलं म्हणजे ते कुठेतरी गेलं.

मोरी. मोरीत उपदेशकांच्या पत्रकांचे गठ्ठे रचलेले, गुडघ्याएवढे. तिने एक उचलला. खालची फरशी कोरडी, धुळीचा थर, धुळीत मेलेलं झुरळ. इथे महिनोन्‌महिने थेंब पडलेला नव्हता.

बादली. कोरडी, तळाला भेग.

जमीन. लाकडी, कच्ची, पाणी सांडलं तर दोन दिवस काळा डाग दाखवणारी. डाग नाही.

टब. टबात पाणी होतं आणि पाण्यात मेजाचं लांब कापड. पण टब धुणारीने दालनातून, सगळ्यांसमोर, उचलून आत नेला होता, आणि ती पोचली तेव्हा प्याला स्वच्छ होता. आत्याने सवयीने कापड पिळून बघितलं. एकेचाळीस माणसांनी हातोहात प्याला फिरवला की कापडावर गुलाबी ठिपके पडतातच. तिच्या स्वतःच्या हातून एक मोठा पडला होता. कापड पांढरंफेक होतं.

फळीवर सुरई, रिकामी.

प्याला चिटणीसाच्या कपाटात होता, पण तिने तो पाहिला होता. बाहेरून मळकट, आत तळापासून दोन बोटं उंचीपर्यंत सोन्यासारखा. पितळ नुसत्या पाण्याने असं उजळत नाही, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं.

पाणी आलं होतं. गेलं कुठेच नव्हतं.

६

(प्रश्न आत्याने चालता चालता विचारले. ते इथे नाहीत. ही उत्तरं.)

सुतार: नाही, उपदेशक स्वतःच आत न्यायचे प्याला. दर वेळी. धुणारी म्हणायची मी नेते, तर म्हणायचे, तू कापड बघ. साधा माणूस होता हो.

सुताराची बायको: दाराशी बाई उभ्या होत्या, त्यांच्या मिसेस. दाराला पाठ लावून. नेहमीच उभ्या असतात. आम्हाला वाटायचं, पाठ दुखते.

सुतार: मी विचारलं नाही. बायकांच्या पाठीचं मी विचारत नाही.

खिळे ठोकणारा लोहार: म्हातारे फादर? रस्त्यापलीकडे. ते रोजच असतात. तीस वर्षं त्यांची जागा होती ती, कुत्रं घर बदललं तरी जुन्या दाराशी जातं. वाईट अर्थाने म्हणत नाही मी.

सुताराची बायको: बाई दारातून हलल्या तेव्हा? धुणारी टब घेऊन आली आणि म्हणाली, जरा सरका. तेव्हाच.

लोहार: त्याआधी आत कोणी नाही. मी बाक धरून समोरच होतो. माशीसुद्धा नाही.

सुतार: मग मारलं कोणी?

७

उपदेशकांची बायको दार उघडून उभी राहिली, बस म्हणाली नाही. आत्याला ते बरंच वाटलं. दोघी उभ्या राहिल्या.

घर मंडळीचं होतं. भिंतीवर काही नाही. मेजावर चिठ्ठी: महिनाअखेर घर मोकळं करावं, नवीन उपदेशक येतील. चिटणीसाचं अक्षर.

"तुम्ही दाराशी का उभ्या होतात, बाई?"

"मला गर्दी आवडत नाही."

"दर रविवारी?"

"गर्दी दर रविवारी असते."

"आतून काही ऐकू आलं?"

"बाकांचा आवाज होता."

"मी ते विचारलं नाही."

बाईंनी हात एकमेकांत घातले, मठात शिकवतात तसे, बाह्यांच्या आत. या कपड्यांना तेवढ्या रुंद बाह्या नव्हत्या; बोटं कापडावर आपटून थांबली.

"तुम्ही कोणाला आत जाऊ देत नव्हतात," आत्या म्हणाली. "आत काय होत होतं?"

"आता तुम्ही जा," बाई म्हणाल्या. आत्या उंबऱ्यापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला, इतका हलका की तो तिच्यासाठी होता की नाही, कळेना. "चाळीस माणसांसमोर तो कधी खोटं बोलला नाही."

८

जुने फादर चाकं करणाऱ्याच्या कारखान्यावर एका खोलीत राहत. खालून ठोकाठोकी. प्रत्येक घणाला मेजावरचं भांडं हलायचं.

"आलात," ते म्हणाले. "मला वाटलं चिटणीस येईल. मी मोजे बदलून बसलोय."

"तुम्ही विष घातलंत का, फादर?"

"नाही. मनात तीन वर्षं रोज घालत होतो. ते मोजायचं का?"

"मोजणारा मोजेल. मला दुसरंच विचारायचंय." आत्याने स्वतःचा हात पुढे धरला. "त्यांचा उजवा हात. शाईने तीन बोटं काळी असायची. मेल्यावर हे आणि हे पांढरं. मधलं तसंच काळं."

फादर हसायचे थांबले. त्यांचा स्वतःचा हात मेजावर होता. अंगठा आणि पहिलं बोट हळूच एकमेकांना चिकटली. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

"डाव्या हाताचं?"

"डावा कधी काळा नव्हता. कळलं नसतं."

घण चार वेळा पडला.

"भाकरीला फक्त या दोन बोटांनी शिवायचं," फादर म्हणाले. "एकदा शिवलं की बोटं उघडायची नाहीत. पान उलटायचं तरी बाकीच्या बोटांनी. कण चिकटलेला असेल, तो पडेल. मग शेवटी प्याल्यावर ही दोन बोटं धरायची, वरून पाणी घ्यायचं, बोटं धुवायची, प्याला फिरवायचा आणि ते पाणी प्यायचं. दोनदा. बावीस वर्षांचा असताना मीच त्याला शिकवलं. पाणी जास्त घ्यायचा. ओरडायचो मी."

"प्यायचं. ओतायचं नाही."

"कुठे ओतणार, बाई? मोरीत? देवाला?"

"आणि चव विचित्र लागली तर? तोंड भाजलं तर?"

"गिळायचं. माशी पडली तरी गिळायची. थुंकणं नाही." फादर उठले, खिडकीशी गेले, परत आले. "म्हणजे तो अजून... दार लावून... तीन वर्षं." त्यांचा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला त्यांना स्वतःला कळला. ते खाली बसले. "मला आनंद व्हायला नको होता. तुम्ही हे बघायला नको होतं."

९

पाणी कुठे गेलं ते कळलं. माणसात गेलं. ते पाणी विष कसं झालं, ते मात्र नाही, आणि मंगळवारची दुपार कलली होती.

१०

"रविवारी काय काय केलंस ते सांग," आत्या म्हणाली. "प्याल्याचं नको. सगळे प्याल्याचंच विचारतात. नेहमीच्या रविवारसारखं सांग, पहिल्यापासून."

"नेहमीच्यासारखं नव्हतंच," धुणारी म्हणाली. "शुक्रवारी चिटणीस बोलले ना मला. कापड गुलाबी दिसतं, मेज खाटकाचं वाटतं. मी म्हटलं, साहेब, घरी नेईपर्यंत डाग वाळतो, वाळला की बसतो. तर म्हणाले, मग तिथेच काढ, ओला असताना. बरं. म्हणून मी उपासनेच्या आधीच सुरईत तयारी करून ठेवली."

आत्याचे पाय थांबले. "कसली?"

"डागाच्या मिठाची. ते पांढरं, आंबट. शाई निघते, गंज निघतो, द्राक्षरस तर लगेच. कापड केवढं लांब, म्हणून भरपूर घातलं. चार मुठी, गरम पाण्यात. दिसायला साधं पाणीच. नंतर हे सगळं झालं, लोक पळापळ करत होते, मला काही सुचेना, हात रिकामे राहिले की मला भीती वाटते. म्हणून सुरईत होतं नव्हतं तेवढं कापडावर ओतलं. निघाले ना डाग?"

"निघाले."

"एरवी सुरईत काय असतं?"

हे आत्याने विचारलं नव्हतं. धुणारी स्वतःशीच बोलत होती आणि स्वतःच उत्तर दिलं. "एरवी साधं पाणी. हात धुवायला. मी आधी विचार केला होता, कोणी चुकून पिईल का. पण मोरीच्या खोलीतलं पाणी कोण पिणार? उपदेशक स्वतःच सांगायचे, ते पाणी मोरीचं." ती झरोक्याकडे वळली. "वन्सं, उद्या काय होईल?"

आत्या दाराकडे वळली.

"उद्या तू घरी येशील," ती म्हणाली, आणि जवळजवळ धावतच जिना चढली.

११

या वेळी बाईंनी दार उघडं ठेवलं होतं.

"कळलं तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला केव्हापासून ठाऊक होतं?"

"लग्नानंतरच्या पहिल्या रविवारपासून. मी चुकून आत गेले. तो प्याला तोंडाला लावून उभा होता, डोळे मिटून. मला बघून इतका घाबरला, जणू मी त्याला दुसऱ्या बाईबरोबर पकडलं. म्हणाला, मी हे मानत नाही. खरंच मानत नाही. पण हात ओतत नाही. त्याने मोरीवर प्याला उपडा करायचा प्रयत्न केला, माझ्यासमोर. मनगट वळेना. अठ्ठावीस वर्षांची सवय. मी त्याला काय सांगणार? मी अजून पहाटे तीनला उठते. कोणी उठवत नाही. उठून बसते आणि कशासाठी उठले ते आठवत नाही."

"म्हणून तुम्ही दार धरलंत."

"दर रविवारी." बाई भिंतीला टेकल्या. "उद्या तुम्ही हे सांगितलंत की तो ढोंगी ठरेल. त्याच्या शब्दावर चाळीस माणसांनी आपल्या आयांशी भांडणं केली. सुताराचा बाप त्याच्याशी न बोलता मेला. ती माणसं काय म्हणतील, कशासाठी?"

"आणि नाही सांगितलं तर चोर सोडून संन्याशाला फाशी. माझी भावजय नाही तर तो म्हातारा."

"चोर कोण आहे इथे, आत्या?"

आत्या खोलीत फेऱ्या घालू लागली आणि बाई तिला बघत राहिल्या.

१२

सभेच्या नोंदवहीतून, बुधवार. (नोंद चिटणीसाची. मधे मधे शाई उडाली आहे.)

सुईणीने बोलण्याची परवानगी मागितली. दिली. सुईणीस बसण्यास सांगितले. बसली नाही.

सुईण म्हणाली की प्याला धुतला गेला पण पाणी मोरीत, बादलीत, जमिनीवर, खिडकीबाहेर कुठेच गेले नाही. लोहाराने दुजोरा दिला की आत कोणी गेले नाही. सुईण म्हणाली, मग आत एकच माणूस होता आणि पाणीही त्याच्यातच आहे.

गलबला.

सुईणीने पिशवीतून डागाचे मीठ काढले, पेल्यात गरम पाण्यात कालवले, आणि चिटणिसास दोन बोटे बुडवण्यास सांगितले. चिटणिसाने कारण विचारले. सुईण म्हणाली, घाबरू नका, प्यायला सांगत नाही. हशा. चिटणिसाने बोटे बुडवली.

शाई निघाली.

इथून पुढची नोंद चिटणीसाने केली नाही. तो आपली दोन पांढरी बोटं बघत बसला होता.

"उपदेशकांच्या हाताची हीच दोन बोटं," आत्या म्हणाली. "हे जुन्या धर्मगुरूचं धुणं आहे. मारणाऱ्याला ते माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी मेलेल्याची बोटं तो असा धूत बसणार नाही. प्याला त्यांनी स्वतः धुतला आणि धुतलेलं स्वतः प्यायले. दोनदा. सुरईत कापडासाठी हे मीठ होतं, पोटात गेलं तर विषच. तिथल्या तिथे डाग काढ, असं तिला तुम्हीच सांगितलं होतंत, चिटणीससाहेब, शुक्रवारी. पहिल्या घोटाला त्यांचं तोंड भाजलं असणार. थुंकता आलं असतं. त्यांना थुंकणं जमलं नाही."

"म्हणजे तुम्ही म्हणता," चिटणीस सावकाश म्हणाला, "आमचा उपदेशक आम्हाला एक सांगत होता आणि दाराआड दुसरं करत होता. पुरावा काय? दोन बोटं? मेलेल्या माणसाची, जी आता पुरली आहेत?"

मागच्या बाकांवरून कुजबुज उठली. सुतार उभा राहिला होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता. आत्याने ओळखलं: त्यांना हे खरं नको आहे. मरेपर्यंत नको आहे, आणि मरणार धुणारी आहे.

"मी पुरावा आहे," उपदेशकांची बायको म्हणाली.

ती पुढे आली. हात बाह्यांत घालायचा प्रयत्न केला, मग सोडून दिले.

"मी दार धरून उभी राहायचे, तुम्ही बघू नये म्हणून. तो तुमच्याशी खोटं बोलला नाही. जे सांगत होता ते त्याला पटलेलं होतं, आणि त्यासाठी त्याने त्याचं घर, त्याचा गुरू, सगळं सोडलं. एवढं एकच त्याच्या हातून सुटलं नाही. तुमच्यातल्या कोणाकोणाच्या घरी अजून उशीखाली काय आहे, ते मी विचारत नाही. या बाईला घरी जाऊ द्या."

सुतार उभाच होता. मग तो बसला. बसताना त्याने डोळे टिपले, आणि ते त्याच्या बायकोने पाहिलं नाही असं दाखवलं.

हात वर झाले. चिटणीसाने मोजले. त्याचा स्वतःचा हात सर्वांत शेवटी वर गेला, दोन पांढऱ्या बोटांचा.

१३

नगरसभेपासून धुणारीचं घर आठ मिनिटांवर. त्या दिवशी त्यांना बराच वेळ लागला, कारण धुणारी मधेच थांबत होती.

"वन्सं, तुम्हाला केव्हा कळलं?"

"काल. तू सुरईचं सांगितलंस तेव्हा."

"तेव्हाच सांगायचं होतं मला."

"रात्रभर रडली असतीस."

"रडले असते. पण मग आज सभेत मी उठून सांगितलं असतं, मी भरली सुरई. तुम्हीच सगळं सांगितलंत. मी आपली बाकावर बसून ऐकत होते, जणू दुसऱ्या कोणाचं चाललंय."

"तुला ठाऊक नव्हतं. सभेनेही तेच म्हटलं. तुझा दोष नाही."

"हो, म्हटलं." ती चार पावलं चालली. "कोठडीत मला झोप लागत होती, वन्सं. खरंच. मी काही केलेलं नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं."

आत्याने तिचा हात धरला. सुटका करून आणलेल्या बाईच्या हाती आपण काय दिलं, हे तिला आता कळत होतं, आणि चालण्याखेरीज तिला काही येत नव्हतं. ती चालत राहिली.

धुणारीच्या दाराशी उपदेशकांची बायको उभी होती. वाटेवरून सरळ आली असावी, बुटांना चिखल.

"मी तुमच्यावर रागवायला आले होते," ती म्हणाली. "वाटेत राग राहिला नाही."

"रागवा," धुणारी म्हणाली. "मला चालेल."

कोणीच रागावलं नाही. समोरच्या घरात कोणीतरी खिडकी लावून घेतली.

"मी भरली ती सुरई," धुणारी म्हणाली. "चार मुठी. तीन पुरल्या असत्या." ती दारातल्या पायरीवर बसली. "त्यांना फार जळजळ झाली असेल का हो?"

आत्याने बोलायला तोंड उघडलं. बाई आधी बोलल्या.

"झाली असेल. आवाज आला होता."

आत्या वळली. "सभेत तुम्ही हे..."

"सभेने विचारलं नाही. आधी प्याला आपटल्याचा आवाज आला, मग ते पडल्याचा, मग नखं फळीवर घासल्यासारखं काहीतरी. मी दार उघडलं नाही. मला वाटलं, उघडलं तर लोकांना दिसेल." त्या धुणारीकडे बघत होत्या, आत्याकडे नाही. "मी बाकं मोजत होते. सोळा बाकं लावून झाली, तोपर्यंत आवाज होता."

धुणारीने पायरीवरची धूळ तळहाताने झाडली.

मग ती पायरीवर एका कडेला सरकली.